शनिवारची फ्लॉपी

माझ्या फोनवर परवा कसलंसं ॲप धाडकन बंद पडलं आणि पडद्यावर तो नेहमीचा चौकोन आला: अडचण आली आहे, कंपनीला कळवायचं का? शेजारी बसलेली माझी भाची म्हणाली, "मावशी, 'नाही' दाब आणि पुढे चल. कोण वाचतंय ते!" मी तिच्यावर अशी खेकसले की ती चहाचा कप उचलून गुपचूप आत गेली. कोण वाचतंय म्हणजे? आम्ही वाचत होतो! ओळ न् ओळ वाचत होतो. सांगलीच्या एसटी स्टँडवर भर उन्हात तिष्ठत उभं राहून, ड्रायव्हरच्या हातातून घेऊन वाचत होतो.

भाची बाहेर आल्यावर तिला सगळं सांगितलं. आता तुम्हालाही सांगते.

सत्त्याण्णव साल होतं. विश्रामबागेत एका मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, तेच आमचं ऑफिस. आमचं म्हणजे राजसचं आणि माझं. राजस माझा कॉलेजातला वर्गमित्र. प्रोग्रॅम तो लिहायचा, आणि लिहिलेला प्रोग्रॅम गावोगावच्या दुकानांत बसवायचा, शिकवायचा, झोपला की उठवून यायचा, हे काम माझं. राजस सलग दोन वाक्यं बोलला तर तिसऱ्याला त्याला पाणी लागायचं. माझं तोंड आंघोळ करतानासुद्धा चालू. त्यामुळे कामाची वाटणी कुणाला करावीच लागली नाही.

आमचा प्रोग्रॅम साधा. दुकानात माल किती आला, किती गेला, काय संपत आलंय, काय मागवायचं, एवढं तो सांगायचा. पण त्या एवढ्याशासाठी लोकांनी केवढा थाट केला होता! कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. खिडक्यांना जाड पडदे. यंत्राला शिंप्याकडून शिवून घेतलेलं फुलाफुलांचं झबलं. खंडेनवमीला मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूची फुलं, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, की एक बटण आत गेलंय ते वर येईना. इस्लामपूरचे हंबीरराव, हार्डवेअरवाले, त्यांनी तर मला गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, मला सर्दी हाय. आज मशीनला हात लावू का नको? ते व्हायरस-व्हायरस म्हणत्यात न्हवं?" मी म्हटलं, रुमाल बांधून बसा. बसले बिचारे.

हसू येतं आता. तेव्हा मात्र संतापाने माझं डोकं फुटायची वेळ यायची, कारण प्रोग्रॅम बंद पडला तर नेमकं काय झालं ते एक माणूस धड सांगेल तर शपथ. आष्ट्याच्या आप्पासोंचा, बियाण्यांच्या व्यापाऱ्यांचा, फोन कसा असायचा ऐका.

"मॅडम, डबा रुसलाय."

"पडद्यावर काय लिहिलंय, आप्पासो?"

"इंग्लिशमधी कायतरी लिवलंवतं."

"होतं म्हणजे? आता नाही का?"

"आता कुठलं? मी बटणच बंद केलं की वो!"

सगळ्यांची हीच रीत. पडद्यावर काही वाईटसाईट दिसलं की आधी यंत्र बंद करायचं, घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटतात तसं. मग मी एसटीने तिथं जायचं, चहा प्यायचा, जेवायचं, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते न कळताच परत यायचं.

एके दिवशी असाच आष्ट्याहून रिकाम्या हाताने परतल्यावर मी पर्स टेबलावर आपटली. "राजस, माणसं काही सांगत नाहीत. आता तुझ्या यंत्रालाच सांगायला लाव, नाहीतर मी चालले शाळेत शिकवायला."

राजस नुसतं "हं" म्हणाला. पण त्याने ते केलं, आणि महिनाभर मान वर न करता केलं. प्रोग्रॅम कोलमडला की कोलमडता कोलमडता तो स्वतःच सगळं टिपून ठेवायचा: वार, वेळ, कुठल्या पडद्यावर होता, प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर अडला आणि बसणाऱ्याने शेवटी काय टाइप केलं होतं. शनिवारी संध्याकाळी दुकान आवरताना तो आपणहून म्हणायचा, फ्लॉपी घाला. फ्लॉपी घातली की आठवड्याचं सगळं गाऱ्हाणं तिच्यावर उतरायचं. दुकानदाराने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सांगलीच्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, नाहीतर रविवारी सकाळच्या. मी स्टँडवर जाऊन गोळा करायची. ह्या नव्या सोयीचं नाव मी ठेवलं चुगलखोर.

आता साताऱ्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

साताऱ्याला मोती चौकाच्या अलीकडे एका गल्लीत दिलावरभाई मणियारांचं बांगड्यांचं घाऊक दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक हिरवा पडदा. फिरोजाबादहून माल यायचा आणि वाई, कोरेगाव, पार महाबळेश्वरपर्यंतचे किरकोळ दुकानदार तो न्यायचे. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत जास्त वेळा यंत्र कुणाचं बिघडत असेल तर ह्यांचं. दर पंधरा दिवसांनी फोन ठरलेला. "मॅडम, मशीन बसलं वो खाली. तुमी आल्याबिगर उठायचं न्हाई."

मी आष्टा, इस्लामपूर, कराड करत अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घेत जायची. तिथं बघावं तर कुठलीतरी वायर निघालेली, नाहीतर यंत्र अगदी ठणठणीत. दिलावरभाई कपाळाला हात लावायचे. "आत्तापातूर बंद हुतं बघा. तुमास्नी बघितलं आन् सुरू झालं." त्यांची बायको हुसेनबी जेवायला वाढायची आणि निघताना माझा हात ओढून घ्यायची. बांगड्यांच्या दुकानातून बाईमाणूस मोकळ्या हाताने गेलं तर दुकानाची लाज जाते, हा त्यांचा नियम. मला बांगड्या आवडत नव्हत्या, टाइप करताना खळखळ वाजतात. पण हुसेनबीपुढे माझं काही चालायचं नाही. नजरेनेच माप घ्यायची ती. "दोन-सहा," म्हणायची आणि डझनभर चढवायची. कराड गेलं की मी त्या उतरवून पर्समध्ये टाकायची.

आणि तिथं नौशीन होती, त्यांची मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची. मी यंत्रापाशी बसले की पडदा हलायचा आणि ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "ताई, हे बटण दाबल्यावर आत काय होतं?" "ताई, त्याला कसं कळतं की माल संपलाय?" प्रश्न असे नेमके की मला उत्तर दिल्याशिवाय राहवायचं नाही. वायर लावायला दोन मिनिटं लागायची आणि हिच्याशी बोलण्यात दुपार जायची. मी मनात म्हणायची, बरी चुणचुणीत पोर आहे. त्यापलीकडे मी काही विचारलं नाही.

चुगलखोर सगळीकडे बसवून झाला आणि फ्लॉप्या यायला लागल्या. काय सांगू तुम्हाला! आप्पासोंच्या यंत्राने एका आठवड्यात इतक्या चुका कळवल्या की छापून काढताना प्रिंटरचा कागद संपला. हंबीररावांनी मालाच्या किमतीच्या जागी स्वतःचा फोन नंबर घातला होता. राजस एकेक चूक शोधून दुरुस्त करत होता आणि मनातल्या मनात गाणं म्हणत होता, ते त्याच्या पायाच्या ठेक्यावरून कळायचं.

साताऱ्याची फ्लॉपी मात्र कोरी. पुढच्या शनिवारची कोरी. त्याच्या पुढचीही कोरी. आणि मधल्या बुधवारी फोन आलेला होता, मशीन बसलं वो खाली!

राजसने फ्लॉपी माझ्यासमोर ठेवली. "भार्गवी, इथं प्रोग्रॅम एकदाही बंद पडलेला नाही." पाणी प्यायला. "हा माणूस खोटं बोलतोय. आजपासून चूक फ्लॉपीवर आली तरच फेरी. नाहीतर नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दीड वर्ष मी ह्या माणसासाठी एसटीचे धक्के खाल्ले! दुसऱ्याच दिवशी साताऱ्याची गाडी पकडली. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या गिऱ्हाइकांसमोर सुरू झाले. "दिलावरभाई, यंत्र आता स्वतः बोलतं, माहीत आहे ना तुम्हाला? तुमचं यंत्र म्हणतंय, मला काहीही झालेलं नव्हतं. मग मला कशाला बोलावता? टवाळी लावलीय का माझी?"

दिलावरभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दुकानातल्या नोकराला, गुंडाला, गिऱ्हाईक बघायला सांगितलं आणि मला बाहेर पायरीवर घेऊन गेले. पडद्याकडे एकदा वळून बघितलं.

"मॅडम, हळू बोला. खोटं बोललो मी. वायर मीच काढायचो. कवा मागची, कवा कीबोर्डाची. कवा न्हाईच काढायचो, नुसता फोन करायचो."

"पण का?"

"नौशीन बारावीला नापास झाली, तुमी मशीन बसवायच्या आदी दोन सालं. मैतरणी समद्या कॉलेजात गेल्या. तवापासनं पोरगी उंबऱ्याभायेर न्हाई. लग्नाला न्हाई, बाजाराला न्हाई, हितं माहुलीला तिची खाला, म्हंजी मावशी हाय, तितंसुदिक न्हाई. कॉम्प्युटरचा क्लास लावतो म्हटलं तर म्हणती, तितं समदी इचारतील, कितवीत हायस. आमच्यासंगं बोलणंबी बंद. ताटात बघून जेवायची आन् उठायची." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुमी पैल्यांदा मशीन बसवाया आला, त्या दिशी ती पडद्याभायेर आली. आपल्या पायानं. तुमास्नी सवाल केला. आन् जेवताना मला सांगाय लागली, अब्बा, ते आत असं असं असतंय. दोन सालांत पैल्यांदा मला कायतरी सांगत हुती, मॅडम. आता मी बाप हाय. मी काय करणार? वायर काढली."

"अहो, मग सरळ सांगायचं ना. मी शिकवायला आले असते."

"शिकवायला बाई आली म्हटलं असतं तर ती पुन्ना आत गेली असती. मशीनच्या दुरुस्तीला बाई आली, तर तिचं काय जातंय? बिघडलंय ते मशीन. ती न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसले. राग कुठल्या कुठे गेला. ह्या माणसाला ओरडायला मी इतक्या लांब आले होते!

पण राजसचा नियम होता, आणि मी उगाच येत राहिले असते तर कधी ना कधी नौशीनलाही सगळं कळलं असतं. मी डोळे पुसले आणि होता तेवढा आवाज काढत आत गेले. "नौशीन, बाहेर ये." ती आली. चेहरा पांढराफटक. "हे बघ, आता नवीन नियम आहे. प्रोग्रॅमची खरी चूक फ्लॉपीवर आल्याशिवाय मी साताऱ्याला येणार नाही. वायर निघाली म्हणून नाही, यंत्र रुसलं म्हणून नाही. खरी चूक. आणि आमचा राजस म्हणतो, त्याच्या प्रोग्रॅममध्ये आता चुका उरलेल्याच नाहीत."

राजस असं काही म्हणाला नव्हता. पण नौशीनच्या भुवया किंचित वर गेल्या, ते मी बघितलं.

पुढचा शनिवार कोरा. त्याच्या पुढच्या शनिवारच्या फ्लॉपीत एक ओळ होती. राजसने वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. नौशीनने एका गिऱ्हाइकाचं नाव यादीतून काढून टाकलं होतं आणि नंतर त्याच गिऱ्हाइकाकडून माल परत घेतला होता. नाव नाही, माल मात्र आलाय! प्रोग्रॅम गोंधळून आडवा झाला होता. राजस म्हणाला, "हे खरंच माझं चुकलंय." आणि मी वाजतगाजत साताऱ्याला गेले.

मग काय, खेळच सुरू झाला. शनिवार आला की नौशीनची नवी चूक. एकदा तिने रकान्यात मावणार नाही एवढा माल विकला. एकदा यंत्राचं घड्याळ मागे नेलं आणि उद्याची विक्री काल करून दाखवली. दर वेळी वेगळी जागा शोधून तिथंच बोट ठेवायची. चुगलखोर शेवटचं टाइप केलेलंही टिपतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून ती मुद्दाम तिथं काहीबाही लिहायला लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी. "राजससरांना सांगा, ही सोपी होती." "ताई, अम्मी विचारते, मागच्या बांगड्या कुठे गेल्या?" राजस रविवारी सकाळी मला ऑफिसात येऊ न देता परस्पर स्टँडवर पिटाळायचा. "आधी साताऱ्याची आण." इतका बोलका मी त्याला कधी बघितला नव्हता.

आणि मग पावसाळा संपता संपता ती फ्लॉपी आली. चूक साधीच होती, जुनीच, मुद्दाम केलेली. पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: दोन-दहा ही मोठ्या बाईची बांगडी आहे. तुमचं मशीन ती लहान मुलांच्यात घालतं. ह्यावर ते बंद का पडत नाही?

राजसने माझ्याकडे बघितलं, मी राजसकडे. बांगडीची मापं कशी असतात, बायकांना सांगायला नको: दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, आणि त्याच्या वरचं दोन-दहा. राजसने ती आकड्यांत घेतली होती, गणितातल्या दशांशासारखी. मग दोन-दहा म्हणजे झालं दोन पूर्णांक एक, दोन-दोनपेक्षाही लहान! आणि दोन-दोनच्या खालचं सगळं लहान मुलांचं, असं प्रोग्रॅमला सांगून ठेवलेलं. म्हणजे दुकानात पोरींच्या बांगड्या संपल्या तरी यंत्र म्हणणार, भरपूर आहेत, मागवू नका. माझ्या हातात दर वेळी दोन-सहा चढत होत्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. चुगलखोरालाही ते कळणं शक्य नव्हतं, कारण प्रोग्रॅम कुठे अडखळतच नव्हता. चुकीचं उत्तर तो अगदी शांतपणे देत होता.

मी तडक साताऱ्याला फोन लावला. "दिलावरभाई, हे दोन-दहाचं तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. पैल्या म्हयन्यापासनं."

"मग बोलला का नाहीत हो?"

"आवं, तुमी एवढ्या लांबनं येता. आमच्या घरी दोन घास खाता. तुमच्या तोंडावर कसं म्हणायचं, तुमचं चुकलंय म्हणून? बरं दिसतंय का ते? गुंडा पेट्या मोजून सांगतोय की, चाललंय."

म्हणजे बघा! नसलेल्या बिघाडासाठी हा माणूस पंधरा दिवसांनी फोन करत होता आणि असलेला बिघाड पाहुणीला वाईट वाटेल म्हणून पोटात ठेवून होता. मी फोन ठेवला आणि हसत सुटले, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं.

राजस मात्र हसत नव्हता. खिडकीतून बाहेर बघत होता. मग एका दमात, पाणी न पिता, म्हणाला, "भार्गवी, अशा किती दुकानांत किती दोन-दहा असतील? मला दिसणार नाहीत आणि चुगलखोर सांगणार नाही. तिला बोलाव. इथं बसू दे. आपला प्रत्येक प्रोग्रॅम बाहेर जायच्या आधी तिने मोडून बघायचा. नोकरी म्हणून सांग."

मी नाचतच फोन केला. नौशीन आली फोनवर. मी सगळं सांगितलं: नोकरी, टेबल, खुर्ची, माझ्या घरची माडीवरची खोली. मग हळूच म्हणाली, "नको ताई. मी इथनंच पाठवत जाईन."

"अगं, तिथून कसं चालेल? समोर बसून करायचं काम आहे ते."

"मला नाही जमणार. गाडीत बसायचं, सगळी बघणार. तिथं विचारतील, शिक्षण किती."

आणि मी भडकले. स्वभावच तो. "विचारू देत की! काय विचारतील ते विचारतील! जन्मभर त्या पडद्यामागे राहून फ्लॉप्याच पाठवणार आहेस का?"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतरच्या शनिवारची साताऱ्याची फ्लॉपी कोरी आली. पुढची कोरी. तिसरीही कोरी. राजस फ्लॉपी काढून बाजूला ठेवायचा. मी दिलावरभाईंना फोन केला तर त्यांचा आवाज पार बसलेला. "पुन्ना आत गेली, मॅडम. गुंडाच घालतोय फ्लॉपी." मला जेवण जाईना. दोन वर्षांनी बाहेर आलेली पोर माझ्या एका फटकळ वाक्याने आत गेली असेल तर काय जाळायचंय हे माझं तोंड, असं वाटायचं. माफीचा फोन दोनदा केला, ती आलीच नाही फोनवर. साताऱ्याला जावं तर तीच म्हणणार, फ्लॉपी कोरी आहे, कशाला आलात?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी स्टँडवर उभी होते. फराळाचे डबे, आकाशकंदील, माणसांची ही झुंबड. साताऱ्याची गाडी लागली. ड्रायव्हर लालासाहेब, नेहमीचे. मी खिडकीपाशी हात पुढे केला.

"आज न्हाई," ते म्हणाले.

"कोरीसुद्धा नाही?"

"माझ्याकडं न्हाई दिली." आणि मागे मान वळवून म्हणाले, "जिची हाय तिनंच आणलीया. बसा जरा, उतरायला टाइम लागंल. कासेगावापासनं पोरीला गाडी लागलीय."

गाडी रिकामी होत गेली. अगदी शेवटी, दांड्याला धरून, एकेक पायरी चाचपत नौशीन उतरली. चेहरा हिरवापिवळा, ओढणी चुरगळलेली, पोटाशी बांगड्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका घट्ट धरलेला. जमिनीवर पाय टेकले तशी ती स्टँडवरच्या गर्दीकडे बघत राहिली. मी धावत जाऊन तिच्या दंडाला धरलं.

"तीनदा उलटी झाली, ताई," ती म्हणाली. "सगळी बघत होती."

"मग? काय केलंस?"

"एका आजीनं लिंबू दिलं." आणि जरा थांबून म्हणाली, "कुणीच नाही विचारलं, शिक्षण किती."

रिक्षात ती डोळे मिटून बसली. ऑफिसात राजस उभा राहिला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि स्वतः पाणी प्यायला. तिने खोका उघडला. वर माझ्यासाठी हुसेनबीने दिलेल्या बांगड्या, दोन-सहा; त्या तिने तिथल्या तिथं माझ्या हातात चढवल्या. त्यांच्या खाली फ्लॉपी. राजसने ती घाईघाईने घेऊन यंत्रात घातली. मीही वाकून बघितलं. पडद्यावर काहीच नव्हतं.

"कोरी आहे गं ही," मी म्हटलं.

"माहितीये," नौशीन म्हणाली. तिचं बोट टेबलाच्या कडेवरून फिरत होतं. "ह्या आठवड्यात काहीच बिघडलं नव्हतं. पण यायला काहीतरी निमित्त पाहिजे ना, ताई. अब्बा वायर काढायचे, मी बघितलंय ते. मला पहिल्यापासून माहीत होतं."

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. मीच घेतला. पलीकडे मोती चौकातल्या एसटीडी बूथची गडबड आणि त्यातून ओळखीचा आवाज.

"मॅडम, मशीन बसलं वो खाली."

मी नौशीनकडे बघितलं. ती राजसला बाजूला सारून कीबोर्ड स्वतःकडे ओढत होती.

"दिलावरभाई," मी म्हटलं, "आता खोटं बोलू नका. पोचली ती. नीट पोचली."

मग ते म्हणाले, "बरं मग. ठेवतो," पण ठेवला नाही. मीही ठेवला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसताना हुसेनबीच्या बांगड्या खळखळ वाजल्या, आणि त्या आवाजाने नौशीनने एकदाच वर बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.